पंचायतीच्या वहीत न आलेली तक्रार

माझी आई ‘सात बायकांतली’ होती, असं आमच्या वस्तीत अजून सांगतात. नव्या भाडेकरूंना कुठल्या सात बायका ते कळत नाही, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

२००४ मध्ये ए. एन. रॉय मुंबईचे पोलीस आयुक्त होते. त्यांनी आणि झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम यांनी मिळून वस्त्यावस्त्यांत पोलीस पंचायती सुरू केल्या. रॉय पुण्यात आयुक्त असताना तिथे हे करून झालं होतं. पंचायतीत दहा माणसं असायची, सात बायका आणि तीन पुरुष, शिवाय ठाण्यातला एक पोलीस. जागा वस्तीने द्यायची आणि पगार कुणालाच नाही. तोवर आमच्याकडे पोलीस यायचे ते तोडकामाच्या बंदोबस्ताला, नाहीतर कुणाला तरी उचलायला. तेच पोलीस येऊन बसणार आणि ऐकून घेणार, ही गोष्ट लोकांना आधी खरीच वाटेना.

आमची पंचायत बालवाडीच्या मागच्या खोलीत भरायची. सगळ्यांना चटई, हवालदारांना एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची. आईला सगळे आक्का म्हणायचे. तिला लिहिता यायचं, म्हणून वही तिच्याकडे. ती वही माझ्याकडे आहे. रेघोट्या मारून तीन रकाने केलेत : तक्रार करणार, समोरचा, काय ठरलं. एक नोंद अशी आहे : ‘नळावरून मारामारी. हंडा रांगेत ठेवून घरी जायचं नाही. माणूस नसेल तर हंडा बाजूला. दोघींनी कबूल.’ दुसरी : ‘दारू पिऊन मारतो. आठ दिवस नवरा त्याच्या आईकडे झोपेल, बायको आक्काकडे. परत हात उचलला तर ठाण्यात.’ हा निकाल कुठल्या कायद्यात बसतो ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या बाईने परत तक्रार आणल्याची नोंद वहीत नाही. ठाण्यात गेली असती तर एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा कागद हातात घेऊन त्याच नवऱ्याच्या घरात परत आली असती.

म्हणजे पंचायत हे थोतांड होतं असं मी म्हणणार नाही. भांडण छोटं असतं तेव्हा सोडवायला ते ओळखणारं माणूस लागतं, आणि आईला गल्लीतली प्रत्येक कडी कुठे लागते ते माहीत होतं.

वहीत एक तक्रार मात्र नाही, ती मला आईने तोंडी सांगितलेली. कोपऱ्यावरचा वडापाववाला आला आणि म्हणाला, बीटवाले दर शनिवारी पैसे नेतात. खोलीत सगळे गप्प झाले. खुर्चीवर हवालदार बसलेले. पैसे नेणारे ते नव्हते, पण नेणारे त्यांच्याच ठाण्यातले. आईने पेन उघडलं, मग मिटलं. ‘समोरचा’ या रकान्यात लिहायचं काय? वडापाववाला चहा पिऊन निघून गेला.

माझं म्हणणं एवढ्याशीच येऊन थांबतं. या शहरात पोलिसांना लोकांची साथ हवी असते, आणि लोकही देतात. पोलीस मित्र, महिला दक्षता समिती, शांतता कमिटी, मोहल्ला कमिटी, नावं कितीही घ्या. पण समितीत कोणाला घ्यायचं ते ठरवतात वरिष्ठ निरीक्षक, बैठक बोलावतात तेच आणि चहा सांगतात तेच. मग जाब विचारायचा कुणी आणि कुणाला?

हे आजचंही नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या झाल्या, आणि ९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हे मोठं काम, त्याबद्दल वाद नाही. ते पाहून मुंबईनेही कमिट्या केल्या. त्याच दंगलीवर श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. कमिट्यांच्या क्रिकेटच्या मॅचेस लोकांना आठवतात. त्या ३१ जणांचं पुढे काय झालं ते रस्त्यात दहा जणांना विचारून बघा.

मी कुर्ल्याला एका वकिलांकडे टायपिस्ट आहे. जामीन अर्ज टाइप करून करून कलमं पाठ झालीत, आणि शेजारणीच्या मुलाच्या वेळी तीच उपयोगी पडली. मोबाईल हिसकावल्याच्या संशयावरून त्याला संध्याकाळी ‘चौकशीला’ नेलं. रात्री अकराला शेजारीण आणि मी ठाण्यात. (कुठलं ठाणं ते लिहीत नाही, मला तिथेच राहायचंय.) ठाणे अंमलदार म्हणाले, “असा कोणी इथे नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेत, सकाळी या.” आतून पोराच्या खोकल्याचा आवाज येत होता. आईला पोराचा खोकला ओळखू येतो.

मी विचारलं, “साहेब, सात वर्षांच्या आतला गुन्हा आहे, पस्तीस-तीनची नोटीस दिली का? अटक असेल तर पंचनामा कुठे, आणि घरी कळवल्याची नोंद स्टेशन डायरीत आहे का?” (ही अटक न करता चौकशीला हजर राहायला सांगणारी नोटीस.) त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “तुम्ही कोण?” मी भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. “हा चालू आहे ना? मग आम्ही अकरा वाजता आलो हे त्यात असेल.” सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात लॉकअप, व्हरांडा, दारं, सगळीकडे आवाजासह कॅमेरे लावायला सांगितलेत. दारावर तसा फलकही हवा, लोकांना वाचता येईल अशा भाषेत. आमच्या ठाण्यात फलक दिसला नाही. अर्ध्या तासात मुलगा बाहेर आला. त्याच्या हातात नोटीस होती, तारीख त्याच दिवसाची, शाई ओली.

हे सांगताना मला त्या अंमलदारांची कीवही येते. डोळे लाल, बाराव्या तासाचं तोंड. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनारला आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तीही तिथल्याच एका शिपायाने हिशेब मांडून दिला म्हणून. खालच्या माणसाचं ऐकलं की पोलीसही सुधारतात, याला याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही. पण थकवा हे खोटं बोलायचं कारण होत नाही.

तक्रार कुठे करायची, तर त्यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते नेमायला सांगितलं, महाराष्ट्राने कायद्यात बदल केला २०१४ मध्ये. शेजारणीला मी अर्ज टाइप करून दिला. तिने सही केली नाही. “तू नोकरीला जातेस,” ती म्हणाली, “माझा पोरगा दिवसभर याच गल्लीत असतो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्राधिकरण शहरात कुठेतरी आणि बीटवाले गल्लीत.

म्हणून गेल्या आठवड्यात गणपतीच्या शांतता कमिटीच्या बैठकीसाठी नाव द्यायला गेले. हवालदार म्हणाले, “ताई, विषय मंडपाचा आहे. मंडळांनी कॅमेरे लावायचे, तेवढंच.”

“बरं आहे की,” मी म्हटलं, “मंडपातल्या कॅमेऱ्यांचं झालं की ठाण्यातल्यांचं विचारते. लेखी आणलंय.”

त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि यादीत माझं नाव लिहिलं. पुढे कंसात ‘वकील’ असं लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही.