कळण्याला पुण्याहून धुळ्याला आणलं

कळणा म्हणजे माझा अ‍ॅक्सोलॉटल, जन्मभर पाण्यातच राहणारा सॅलॅमँडर, बेडकाच्या दूरच्या नात्यातला. रंग कळण्याच्या भाकरीसारखा काळपट, म्हणून नावही तेच. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यातलं बिऱ्हाड धुळ्याला हलवायचं ठरलं, तेव्हा कपाट-गाद्यांपेक्षा मोठा घोर या वीतभर प्राण्याचा लागला. ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं तर म्हणे, "डिकीत टाका की ताई."

डिकीत! हा मूळचा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या गार पाण्यातला. याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं, 24 च्या वर गेलं की तब्येत ढासळते. शेवटी दादाची एसी गाडी घ्यायची आणि रात्री दहाला निघायचं असं ठरलं. हा प्राणी सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणून सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा कागदही सोबत घेतला. वाटेत कुणी विचारला नाही, ते सोडा.

दोन दिवस आधी खाणं बंद केलं. तो काचेला तोंड लावून बघायचा, जीव कासावीस व्हायचा. पण खाल्लं की शी होणार, आणि पिशवीतल्या एवढ्याशा पाण्यात शी म्हणजे अमोनिया. मोठ्या अ‍ॅक्सोलॉटलला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही.

इन्सुलिन ज्यात येतं तो थर्माकोलचा खोका मेडिकलवाल्या काकांकडून आणला. जाड पिशव्या एकात एक घातल्या, तिसरा हिस्सा टाकीचंच पाणी, बाकी हवा. कोपरे चिकटपट्टीने दुमडून गोल केले, नाहीतर हा तिथे तोंड खुपसून अडकतो. टाकीच्या फिल्टरचा स्पंज मात्र धुतला नाही, तसाच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून डब्यात घेतला. अमोनिया पचवणारे जीवाणू त्यातच असतात. नळाखाली धरला असता तर क्लोरीनने मेले असते आणि धुळ्यात महिनाभर रोज पाणी बदलत बसले असते.

चूक झाली ती बर्फात. गोठवलेल्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक टॉवेलमध्ये गुंडाळली, दुसरी घाईत नुसत्या वर्तमानपत्रात. सिन्नरला चहाला थांबलो तेव्हा खोका उघडला. कागदाचा लगदा झालेला, बाटली घसरून थेट पिशवीला टेकलेली. पिशवीवर चिकटवलेली तापमानाची पट्टी 13 दाखवत होती. निघताना 18 होतं. कळण्याचे कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक मुडपलेलं. म्हणजे तो घाबरलाय. उन्हाच्या धास्तीने मीच त्याला गारठवला होता. असा प्राणी 13 अंशांनी मरत नाही, पण तापमान असं झपाट्याने बदललेलं त्याला सोसत नाही. ती बाटली काढली, झाकण लावलं, आणि मग राहुड घाटात, मालेगावात, जिथे गाडी हळू झाली तिथे मोबाइलच्या अंधूक उजेडात पट्टी बघत राहिले. दादा वैतागला, "झोपू दे ना त्याला!" मालेगावला 17 झालं आणि कल्ले पुन्हा पिसांसारखे मागे पसरले. तेव्हा कुठे मला चहाची चव आठवली.

पहाटे पाचला घरी पोचलो. पिशवी नव्या टाकीत तरंगत ठेवली आणि दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी तिच्यात. तासभर तेच. मग त्याला दोन्ही हातांत उचलून सोडलं आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं, टाकीत नाही. आजी पदर खोचून शेजारी उभी. "हाई काय शे व माय? पाल शे का?"

तिसऱ्या दिवशी कळण्याने गांडूळ गिळलं. आता प्रश्न एप्रिल-मेचा आहे. घरात सगळ्यात गार ती मागची धाब्याची खोली, जाड मातीच्या भिंतींची. तिथे आजीच्या लोणच्याच्या बरण्या असतात, त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही. काल बघते तर बरण्या एका कडेला सरकवलेल्या, आणि मधे टाकीएवढी जागा रिकामी.