२८६७२ बाइटांचा हिशोब

ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून मी आयस्कझी स्टोरेज, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला डिस्क वापरू देणारी सोय, उभं केलं होतं. एका शनिवारी त्यातली एक डिस्क काढून पुन्हा जोडली. सोमवारी बॅकअप सर्व्हरला ती धड वाचताच येईना.

पहिला संशय अर्थात केबलवर. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. मग आयस्कझीचे हेडर आणि डेटा डायजेस्ट, म्हणजे प्रत्येक निरोपाच्या माथ्याची आणि मजकुराची पडताळणी, चालू केले. त्यात बाइटांवरून काढलेला सीआरसी३२सी हा पडताळणीचा आकडा तपासला जातो. वाटेत एक बिट उलटला तरी लगेच बोंब होते. बोंब काही झाली नाही. बाइट निघाले तसेच पोचत होते.

शेवटी वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं सॉफ्टवेअर लावून आयस्कझीच्या ३२६० पोर्टवरची ये-जा पकडली. आयस्कझीत एकच मागणी दोन ठिकाणी असते. बाहेरच्या हेडरमध्ये 'इतके बाइट हवेत', आणि आतल्या स्कझी कमांडमध्ये, म्हणजे डिस्कला दिलेल्या हुकमात, 'इतके ब्लॉक (डिस्कवरचे ठरावीक आकाराचे तुकडे) हवेत'. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर टार्गेट, म्हणजे डिस्क देणारं मशीन (इथे माझा पीसी), उत्तरात एक फ्लॅग, म्हणजे खूण, लावतो आणि फरक रेसिड्युअल काउंटमध्ये, म्हणजे शिल्लक म्हणून, लिहितो. मागितल्यापेक्षा कमी दिलं तर अंडरफ्लो. देण्यासारखं जास्त होतं, पण समोरच्याने तेवढी जागाच ठेवली नव्हती, तर ओव्हरफ्लो.

सुरुवातीलाच एका उत्तरात फ्लॅग हेक्समध्ये ८२ दिसला, म्हणजे अंडरफ्लो, शिल्लक २१९. सापडला चोर! तासभर त्याच्याच मागे लागलो. ती साधी इन्क्वायरी होती, म्हणजे डिस्कला 'तू कोण?' विचारणारी कमांड. सर्व्हरने २५५ बाइटांची जागा दिली, टार्गेटकडे सांगायला ३६ बाइटच होते. स्टेटस 'गुड'. यात चूक कुणाचीच नाही, हे रोजचंच चालतं. माझा तास मात्र गेला.

खरा मासा पुढे होता. रीडच्या, म्हणजे वाचण्याच्या कमांडच्या, उत्तरात फ्लॅग ८४, म्हणजे ओव्हरफ्लो, शिल्लक २८६७२. आकडा कागदावर लिहून ४०९६ ने भागला, बरोबर ७ आले. बाकी शून्य. मग कमांड उघडली: ८ ब्लॉक हवेत, अपेक्षित बाइट ४०९६. म्हणजे सर्व्हरच्या हिशोबात ब्लॉक ५१२ चा. टार्गेटच्या हिशोबात तोच ४०९६ चा, म्हणून ८ ब्लॉकांचे झाले ३२७६८. त्यातून ४०९६ वजा करा, उरतात तेच २८६७२.

शनिवारी डिस्क पुन्हा जोडताना ब्लॉक साइज मीच ४०९६ केला होता, आणि सर्व्हरला लॉगआउट न करता. तो जुनाच आकार धरून बसला होता. बरं, गोंधळ फक्त लांबीचा नव्हता. ब्लॉकचा क्रमांकही आठपट लांबच्या जागी पडत होता, त्यामुळे हाती येई तो भलताच मजकूर. लिहिण्याच्या कमांड टार्गेटने नाकारल्या, म्हणून जुना डेटा शाबूत राहिला.

ब्लॉक पुन्हा ५१२ चा केला, सर्व्हरवरून लॉगआउट-लॉगिन केलं, डिस्क उघडली.

नंतर सहज टार्गेटचा कर्नल लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने ठेवलेली नोंदवही, पाहिला. अपेक्षित लांबी ४०९६, कमांडची लांबी ३२७६८, दोन्ही जुळत नाहीत, असं तिथे सोमवार सकाळपासून ओळीमागून ओळ लिहिलेलं होतं.