सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी थांबू नका

मूल होईना, म्हणून चोपड्याला माझ्या सासरी उपास-तापास, अंगारे सगळं झालं. सोनोग्राफी नॉर्मल आली तेव्हा घरचे निर्धास्त झाले. पण गर्भपिशवीतला लहान पॉलिप (अस्तरावर वाढलेला मऊ कोंब), चिकटलेलं अस्तर साध्या सोनोग्राफीत निसटू शकतं! जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पाळी सुरू झाल्यापासून १० दिवसांच्या आत एचएसजी केली. म्हणजे पिशवीत डाय (एक्स-रेत पांढरं दिसणारं द्रव) सोडून एक्स-रे. ओटीपोटात जोराची कळ आली, पण फिल्मवर पिशवीच्या पांढऱ्या त्रिकोणात पॉलिपची काळी खाच स्पष्ट दिसली. मग हिस्टेरोस्कोपी. दुर्बिणीतून पॉलिप काढला आणि अस्तराचा तुकडा टीबीसाठीही तपासायला पाठवला. आपल्याकडे पिशवीचा टीबी ताप-खोकला नसतानाही अस्तर खराब करतो. आणि बायांनो, नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात आधी करून घ्या. त्यात काही दुखत नाही.