पुलाच्या अलीकडं मराठवाडा, पलीकडं मतमाउली

मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, हरेगावच्या यात्रेला आमच्या वैजापूर तालुक्यातनं, गंगापूरकडनं, पार संभाजीनगरहून पण लोक पायी जातात. हरेगाव पडतं श्रीरामपूर तालुक्यात, म्हणजे नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस, त्या आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते आणि त्याच सुमाराला शनिवार-रविवार धरून तिथं मोठी यात्रा भरते. आणि कसंय, आमच्या जिल्ह्यातनं कुठूनही निघा, आमच्या बाजूनं जा, कायगाव टोक्यावरून जा नाहीतर कोपरगावचा फेरा मारा, गोदावरी ओलांडल्याशिवाय हरेगाव काही येत नाही. माझी सगळी अडचण तिथंच होती.

आमची वस्ती नदीच्या काठाला. आम्ही तिला गोदावरी नाही म्हणत, गंगाच म्हणतो. २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्याच्या पण खाली गेलेलं, टँकर सुरू, चारा विकत. आणि ऑगस्टात आमच्याकडं धड पाऊस नाही पण तिकडं नाशिकला एवढा झाला की तिकडची गंगापूर, दारणा ही धरणं भरली आणि नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातनं अडीच लाख क्युसेकच्या वर पाणी खाली आलं. अख्खा मराठवाडा खुश, मोबाईलवर जायकवाडीचे टक्के मोजत बसलेला, आणि आम्ही काठावरचे लोक रातच्याला गुरं सोडू राहिलो होतो. पाणी समोरून येतं असं वाटतं ना, तसं नसतं. ते आधी ओढ्यातनं उलटं चढतं, मागून येतं. मी म्हशीचं दावं कापायला गेलो तेव्हा पाणी मांडीला होतं, परत फिरलो तर छातीला. म्हैस पोहून बाहेर निघाली. मला लहानपणापासून पोहता येतं पण पाय उचलेना, चुलतभावानं बखोटीला धरून ओढलं म्हणून आज हे लिहितोय.

त्यानंतर पुलावरून जायचं म्हटलं की घाम. एसटीत असलो तर डोळे मिटायचे, मोटरसायकल असली तर दुसऱ्याला चालवायला द्यायची. शेतकरी माणूस, नदीवर मोटर, रोज काठावर जायचं आणि पाण्याला भ्यायचं, कोणाला सांगणार? आईला माहीत होतं. तिनं एकदा प्रार्थनेच्या मीटिंगला नेलं तर तिथं एक पाहुणे प्रवचनकार आलेले, त्यांनी येशूचा शिष्य पेत्र, त्याची गोष्ट लावली, तो पाण्यावरून चालला, वारा बघून भ्याला आणि बुडायला लागला, का तर विश्वास कमी. मग माझ्याकडं बघून म्हणाले, भीती म्हणजे अविश्वास. मला लई राग आला. बाबा, तू येऊन उभा रहा त्या पाण्यात. आणि त्या गोष्टीत पेत्र ओरडल्याबरोबर येशूनं हात धरला, बोलणं नंतर खाल्लंय पेत्रानं, हे सांगायचं यांच्याकडनं राहूनच जातं नेहमी.

तर एका वर्षी आई म्हणाली मी चालत जाणार, गुडघे दुखले तरी जाणार. तिला एकटं कसं सोडणार, म्हणून निघालो. पुढं टेम्पो, त्यावर माउलीची मूर्ती, निळ्या-पांढऱ्या पताका, स्पीकर, मागं आमचे मास्तर, सिस्टर आणि बायकाच जास्त. (मास्तर म्हणजे शाळेचे नाही, गावोगाव फिरून प्रार्थना घेणारे.) टिळकांची भजनं चालू. रेव्हरंड टिळक प्रोटेस्टंट आणि आम्ही कॅथलिक, पण भजनाला कोण विचारतं, टाळ हातात असला की झालं. वाटेत एका गावात एक तात्या रस्त्यावरच चहाची किटली घेऊन उभे, आषाढीच्या दिंड्यांना पण तेच पाजतात. म्हणाले, "काय मास्तर, यंदा लई लवकर निघाली तुमची दिंडी." मास्तर म्हणाले, "तात्या, तुम्ही पण चला की." "आता गुडघं कुठं राहिलं. माझं बी एक फूल वाहा तिथं." आईनं लगेच त्यांचे दहा रुपये रुमालाच्या गाठीला बांधून घेतले.

चालण्याचं काय सांगू, पायाला फोड आले, काळी माती ओली असली की चप्पल एक किलोची होते, बाकी मजा. पण जसजशी नदी जवळ यायला लागली तसा मी मागं पडायला लागलो. सकाळीच कोणीतरी बोललं होतं की वरून पाणी सोडलंय. फार नव्हतं, पण गढूळ पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं, लांबून दिसत होतं. पुलाच्या तोंडाशी मी थांबलो. आईला म्हटलं तुम्ही व्हा पुढं, मी टेम्पोत बसून येतो डोळे मिटून. मास्तर आले, त्यांना काय झालंय ते कळलं असावं पण विचारलं नाही काही, नुसतं म्हणाले, "पुलावर रोझरी घेऊ, तू पुढं म्हण, आम्ही मागं म्हणतो."

आता तो दिवस शुक्रवार होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोझरीच्या जपात येशूच्या आयुष्यातले प्रसंग घेतात, एकेका प्रसंगाला एक "आमच्या स्वर्गातील पित्या" आणि दहा "नमो मरिया", आणि मंगळवारी शुक्रवारी दुःखाचे पाच प्रसंग असतात. त्यातला पहिला गेथशेमाने बाग, जिथं पकडून न्यायच्या आधी येशूनं प्रार्थना केली. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेलं, तोंडपाठ, लक्षच नसतं. त्या दिवशी मीच मोठ्यानं म्हणत होतो म्हणून असेल, पण पहिल्यांदा डोक्यात शिरलं की अरे, इथं तर येशूच भ्यालाय. माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे असं स्वतः म्हणतोय. हा प्याला टळू दे म्हणतोय, घाम रक्ताच्या थेंबासारखा गळतोय, सोबतचे दोस्त झोपलेत. मग त्याला काय अविश्वासी म्हणायचं का? त्या प्रवचनकाराला तिथंच फोन लावावा वाटला.

मी चालायला लागलो. आवाज कापत होता, मागच्या बायकांना ऐकू जात होतं नक्की, कोणी हसलं नाही. पाण्याकडं बघितलं तर पूलच मागं सरकतोय असं वाटायचं, म्हणून मास्तरांच्या टाचांकडं बघत राहिलो. पाच-सहा पावलं, एक नमो मरिया. मधी एक ऊसाचा ट्रॅक्टर बाजूनं गेला, पूल हलला, मी कठडा धरला आणि थांबलो. मागची सगळी लाईन थांबली. आईनं मागून माझा शर्ट धरलेला होता, तो तिनं पलीकडं जाईस्तोवर सोडला नाही, वय माझं चाळीसच्या पुढं. मणी कितवा होता ते विसरलो, सिस्टर म्हणाल्या कुठूनही धर, माउली मोजत नाही.

पलीकडं उतरल्यावर उलटी झाली. मग बरं वाटलं.

हरेगावचं वेगळं काय सांगू, गर्दी, मेणबत्त्या, नवस फेडणारे, कोण गुडघ्यावर, कोण लेकरू खांद्यावर घेऊन, आम्ही मंडपाशेजारी पोतं टाकून झोपलो आणि आईनं तात्यांचं फूल आधी वाहिलं, आमचं नंतर. मी काही मागितलं नाही. सुचलंच नाही, आणि पाय लई दुखत होते.

येताना लोक विचारायचे, मग गेली का भीती? आई परस्पर सांगून टाकते, हो गेली, माउलीनं घालवली. मी तिला खोटं पाडत नाही पण तसं नाहीये ते. यंदा पुन्हा विसर्ग वाढवल्याचा मेसेज आला तेव्हा पोटात तसाच गोळा आला. फक्त मोटर वर काढायला दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही, मीच गेलो काठाला, तोंडानं पहिला प्रसंग चालू, दहा मणी होईस्तोवर पाईप सोडवले, गुरं वरच्या बांधाला नेऊन बांधली आणि घरी येऊन जेवलो. झोप लागायला दोन वाजले ते सोडा.