कोचीचं बंदर, वन्सं आणि उडदाचे पापड

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला पर्यटक ओळखायला शिकवावं लागत नाही. शिर्डीहून आलेली बस थांबते, खाली उतरताच गाइड ओरडतो, "दोन तासांत सगळे गाडीत!" आणि पन्नास माणसं घाटाकडे धावत सुटतात. रिक्षावाले वाटच बघत असतात. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, सगळं दाखवतो, बसा. नारोशंकराच्या देवळात वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्याकडे पाठ करून लोक नदीचे फोटो काढतात. काळारामाच्या ज्या दरवाजात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तिथे चप्पल कुठे काढायची एवढंच विचारतात. कपालेश्वराला शंकरासमोर नंदी का नाही, हे विचारणारा तर विरळाच. दोन तास संपले की बस निघते आणि घरी जाऊन ही मंडळी सांगतात, "नाशिक झालं आमचं."

मला याचा जुना राग आहे. त्यामुळे आमच्या ह्यांनी आणि त्यांच्या दाजींनी मिळून मुंबई-कोचीची क्रूझ ठरवली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, कोचीत किती वेळ? सकाळी आठ ते दुपारी चार. त्यातही साडेतीनला बोटीवर परत. म्हणजे आता बसमधून उतरणारे आपण.

बोटीबद्दल फार लिहीत नाही. बॅलार्ड पिअरच्या रांगेत आमचा जो वेळ गेला त्यात कसारा घाट दोनदा चढून झाला असता. वर गेल्यावर खायला इतकं की तिसऱ्या ताटानंतर माणूस स्वतःलाच ओळखेनासा होतो, शिवाय जैन जेवणाचं वेगळं टेबल, पोहण्याच्या तलावाशेजारी कानठळ्या बसवणारा डीजे आणि संध्याकाळी हाउझी. दाजी हाउझीत जिंकले. समुद्र छान होता, पण तो बघायला डेकवर शांत कोपरा मिळवणं म्हणजे रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ, कोरडं राहण्याइतकं अवघड.

कोचीच्या आदल्या संध्याकाळी सहलींच्या टेबलावर गर्दी उसळली. अर्ध्या दिवसाची बस, माणशी साडेतीन हजार. मासेमारीची चिनी जाळी, चर्च, राजवाडा, ज्यू टाउन आणि "मसाला खरेदीसाठी वेळ". हे आणि दाजी लगेच पैसे भरून मोकळे. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्या गप्प उभ्या होत्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या पंचवटी दर्शनासारखंच झालं की. मला नाही त्या बसमध्ये बसायचं."

म्हणून आम्ही दोघी वेगळ्या निघालो. ह्यांनी तीन वेळा विचारलं, "बोट सुटली तर?" मी म्हटलं, "सुटली तर सुटली, केरळ काही परदेश नाही."

बोट लागते ते विलिंग्डन बेट मुळात माणसाने केलेलं आहे. गेल्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना जो गाळ उपसला, त्याच्या भरावातून ते उभं राहिलं. त्यामुळे गेटबाहेर पडल्यावर गाव असं काही दिसत नाही. रुंद रस्ते, गोदामं, झाडं आणि रिक्षावाले. त्यांचं बोलणं ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. सगळं दाखवतो, बसा. फक्त इथे "सगळं" म्हणजे दोन एम्पोरियम आणि एक मसाल्याचं दुकान. तिथे नेलं की रिक्षावाल्याला काहीतरी मिळतं, हे कुणी न सांगताही कळत होतं. एका वयस्कर रिक्षावाल्याला मी हिंदीत स्पष्ट सांगितलं, मट्टणचेरीला सोडायचं, वाटेत कुठे थांबायचं नाही, परतीला आम्ही आमचं बघू. तो हसला आणि पूल ओलांडून खरोखरच सरळ घेऊन गेला. भाडंही रास्त. आमच्या घाटावरच्या काही मंडळींना त्याच्याकडे शिकायला पाठवावं असं मनात आलं.

मट्टणचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधून कोचीच्या राजाला दिला. पुढे डचांनी डागडुजी केली म्हणून नाव पडलं डच पॅलेस. बाहेरून अगदी साधा, एखाद्या जुन्या शाळेची इमारत वाटावी असा. आत राजाच्या शयनगृहात मात्र भिंती भरून रामायण रंगवलेलं आहे. तांबूस, हिरवे, पिवळे रंग, टपोरे डोळे, अंगाअंगाला दागिने आणि चित्रात रिकामी जागा म्हणून नाही. वन्संनी तिथे पंचवटी शोधायला सुरुवात केली. शूर्पणखेचं नाक जिथे कापलं त्या गावच्या आम्ही, गावाचं नावच त्यावरून पडलं असं सांगत वाढलेल्या. एवढ्यात मागून छत्री उंच धरलेली गाइड आणि तिच्यामागे मोठा गट आत शिरला. उजेड मंद, फोटोला बंदी, तरी रेटारेटी. "पुढे चला, पुढे चला." वन्सं भिंतीला चिकटून तशाच उभ्या राहिल्या. गटातले एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "मॅडम, सरका ना, आमचा वेळ कमी आहे." वन्सं मराठीतच म्हणाल्या, "मग कशाला आलात?" गृहस्थ ठाण्याचे निघाले. पुढचा भाग लिहीत नाही.

ज्यू टाउनमधलं 'परदेशी' नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ सालचं. जमिनीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, सगळ्या हाताने रंगवलेल्या आणि एकीसारखी दुसरी नाही. वर काचेची झुंबरं. चप्पल बाहेर काढायची, म्हणजे त्या फरशांचा गारवा पायाला लागतो. १९४८ नंतर इथले बहुतेक ज्यू इस्राएलला निघून गेले, आता जवळजवळ कुणीच उरलेलं नाही. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचीही तीच गोष्ट. गल्लीत मात्र ज्यू सोडून सगळं आहे. काश्मिरी शाली, पितळेचे हत्ती, खोटे जुने दिवे आणि दारात उभा राहून "लुकिंग इज फ्री" म्हणणारा माणूस. सुंठीचा आणि मिऱ्याचा वास तेवढा खरा. चिनी जाळी आम्ही पाहिलीच नाहीत.

कारण वन्संना कुणीतरी सांगितलं होतं की इथे कोकणी लोकांचं मोठं देऊळ आहे. विचारत विचारत चेरळाई भागातल्या तिरुमल देवस्वमशी पोचलो, तोवर दुपारसाठी दार बंद होण्याची वेळ झालेली. देवळात धावतं दर्शन झालं. मंडप, तळं, बायकांच्या केसांत मोगरा, आणि कानावर पडणारी भाषा अर्धी समजणारी. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच सुरू झाला तेव्हा गौड सारस्वत कुटुंबं समुद्रमार्गाने दक्षिणेकडे उतरली, त्यातली बरीच कोचीच्या राजाच्या आश्रयाला इथे राहिली. चारशेहून जास्त वर्षं झाली, घरात अजून कोकणीच.

देवळामागच्या गल्लीत वन्सं एकदम थांबल्या. एका घराच्या अंगणात चटईवर पापड वाळत होते. वन्संनी वाकून बघितलं, एक बोटाने उचलून उन्हात धरला आणि माझ्याकडे वळून निकाल दिला, "उडदाचे आहेत. पण कडा जाड ठेवल्यात."

घरातून आवाज आला. तो रागाचा होता की विचारपूस करणारा, हे आम्हा दोघींना कळलं नाही. मग एक आजी बाहेर आल्या, सत्तरीच्या पुढच्या, आणि मागोमाग त्यांची सून. ही सून माटुंग्याला वाढलेली! फडाफडा मराठी बोलायला लागली आणि पुढचा दीड तास आमच्यासाठी सोपा करून टाकला.

नाशिकहून बोटीने आलोय म्हटल्यावर आजींना ते काही पटेना. नाशिकला कुठे समुद्र? सुनेने समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, रामकुंडावर आमच्या सासऱ्यांच्या अस्थी नेल्या होत्या. मग आम्ही आत गेलो. ओसरीवर पीठ मळून ठेवलेलं, लाट्या पाडलेल्या, शेजारच्या दोघी लाटायला बसलेल्या. म्हणजे आमच्या वाड्यात एप्रिलमध्ये जे चालायचं तेच, फक्त डिसेंबरात आणि नारळाच्या झाडाखाली. वन्संनी न विचारता एक लाटी तोंडात टाकली. हिंग सढळ, पापडखार बेताचा, तिखट कमी, असा तोंडातल्या तोंडात हिशेब झाला आणि पदर खोचून त्या पोळपाटाशी बसल्या.

आमच्या वन्संचा पापड हा आमच्या घराण्यातला कौतुकाचा विषय आहे. त्यांच्या पापडातून वर्तमानपत्र वाचता येतं असं दाजी लग्नापासून सांगत आलेत. त्यांनी एक लाटला, ऐटीत समोर ठेवला. आजींनी तो उचलला, उजेडात धरला, काही बोलल्या. सून हसायला लागली, सांगेना. वन्सं म्हणाल्या, "सांग गं, मला काय फाशी होणार आहे?"

"त्या म्हणतायत, मधे पातळ झालाय. तळताना फाटेल."

वन्संचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. दुसरा लाटला. आजींनी मान हलवली. तिसऱ्याला त्यांनी लाटणं हातातून काढून घेतलं आणि स्वतः करून दाखवलं. जोर मधे न देता कडेकडेने फिरवायचा, पोळपाटावर पापड आपला आपण वळत राहतो. वन्सं बघत राहिल्या. मग दोघींत जे सुरू झालं त्याला भांडण म्हणावं की शिकवणी, मला ठरवता आलं नाही. एक मराठीत, एक कोकणीत, मधे सून कधी भाषांतर करायची, कधी मुद्दाम करायची नाही. "आमच्याकडे पीठ तेल लावून कुटतात, तासभर." "आम्हीही कुटतो, पण आता करणार कोण? मुलगा म्हणतो विकत आणा." हे वाक्य वन्संना भाषांतराशिवाय समजलं.

जेवण्याचा आग्रह झाला. आम्ही नको म्हणत म्हणत बसलो. भात, तूरडाळीची लसूण-मिरचीची पातळसर आमटी, नारळ घातलेली भाजी आणि ताजे तळलेले पापड. वन्संचाही एक तळला. तो फाटला. आजींनी तो स्वतःच्या पानात घेतला आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. बोटीवरच्या बुफेत मला एकदाही वाढायला कुणी आलं नव्हतं, इथे सून प्रत्येक वेळी भात घेऊन उभी. आदरातिथ्यात नाशिककर मागे नाहीत असं मी नेहमी म्हणते, पण अंगणातले पापड हातात घेऊन नावं ठेवणाऱ्या दोन अनोळखी बायकांना आम्ही पानावर बसवलं असतं का, याची मला खात्री नाही.

जेवताना सुनेने देवळाची गोष्ट सांगितली. एका राजाच्या काळात इथल्या कोकणी व्यापाऱ्यांवर मोठं संकट आलं, तेव्हा लोकांनी देव उचलून अलप्पुळाला नेला. तो परत आला १८५३ साली. वन्सं म्हणाल्या, "आमच्या काळारामाची मूर्ती पण गोदावरीत लपवली होती म्हणतात." आजींनी यावर हात जोडले.

पावणेतीनला मी घड्याळ दाखवलं. निघताना पाव किलो पापड बांधून दिले, पैसे घेईनात. वन्संनी ओटीच्या नावाखाली पाचशेची नोट आजींच्या हातात कोंबली, तेव्हा कुठे सुटका झाली. रिक्षा मिळायला वेळ लागला आणि पुलावर ट्रकांची रांग. माझ्या पोटात गोळा आला होता, वन्सं मात्र कडेकडेने लाटण्याची क्रिया हवेत करून बघत होत्या.

बोटीच्या दाराशी पिशवी मशीनमधून गेली आणि अडली. बाहेरचं खाण्याचं काही आत नेता येत नाही. वन्संनी बाजू मांडली, हे खाणं नाहीच, कच्चं आहे. सिक्युरिटीवाल्या मुलीने शांतपणे पापड एका खोक्यात ठेवले, त्यावर चिठ्ठी लावली आणि सांगितलं, मुंबईत परत मिळतील. त्या खोक्यात बाकी सगळ्या दारूच्या बाटल्या होत्या. वन्संनी दोनदा बजावलं की बाटली फुटली तर पापडांचं काय होईल ते बघा.

हे आणि दाजी आमच्यानंतर आले, घामाघूम. त्यांच्या बसने तासभर एका एम्पोरियमसमोर थांबा घेतला होता, राजवाडा दहा मिनिटांत आटोपला आणि सिनेगॉग बाहेरून. दाजींच्या हातात वेलदोड्याचं पाकीट. किंमत वन्संनी विचारली, त्यांनी सांगितली, आणि जेवण होईपर्यंत तो विषय चालू होता.

मुंबईत उतरताना पापड मिळाले, सगळे शाबूत. रांगेत उभ्या उभ्या वन्संनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि थेट एर्नाकुळमला जाते, स्लीपरचं भाडं त्यांनी काढून ठेवलेलं. "एप्रिलात जाऊ," म्हणाल्या, "आपलं पीठ घेऊन. आणि ह्या दोघांना सांगायचं नाही."

दाजी मागेच उभे होते.