सत्तरीतला पाऊस पणजीत बसून बघायचा तर

नोकरीमुळे मी पणजीत, घर आणि कुळागर (सुपारीची बाग) सत्तरीत, म्हणजे गोव्याच्या सह्याद्रीकडच्या तालुक्यात, आणि जून लागला की डोक्यात एकच, तिकडे किती पडला. पणजीचा आकडा आम्हाला काही कामाचा नाही. समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि तिथेच कोसळते, त्यामुळे इकडे ऊन असतं तेव्हा आमच्या सत्तरीतल्या वाळपई-केरीला धो धो चालू असतो. म्हणून घरी रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू या छोट्याशा कॉम्प्युटरवर स्वतःचं वेदर स्टेशन बसवलं.

सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे रेन गेज, म्हणजे पाऊस मोजायचं यंत्र. टिपिंग बकेटवाला घ्या. आत सी-सॉसारखं दोन खणांचं छोटं भांडं असतं, एक खण भरला की ते कलंडतं, मॅग्नेट रीड स्विचजवळून (मॅग्नेट जवळ आला की मिटणारा स्विच) जातो आणि पायला एक पल्स मिळतो. माझ्या गेजमध्ये एक टिप म्हणजे ०.२७९४ मिमी. स्विच मिटताना थरथरतो, एका टिपचे दोन-तीन पल्स येतात, म्हणून कोडमध्ये डिबाउन्स हवाच, म्हणजे लागोपाठ आलेले पल्स एकच धरायचे. आणि भांडं कलंडत असताना पडणारं पाणी नीट मोजलं जात नाही, त्यामुळे मुसळधार पावसात आकडा थोडा कमी येतो. ताडून बघायला शेजारी सरळ बाजूंचा उभा डबा ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा, तेवढं पुरतं. फनेलवर जाळी लावा, कुळागरात पाला पडतच असतो.

अजून एक, हवामान खातं पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा धरतं. तुम्ही रात्री १२ ला टोटल शून्यावर आणली तर त्यांच्या आकड्याशी तुलनाच होणार नाही.

तापमान, आर्द्रता, दाब या तिन्हीला बीएमई२८० हा एकच सेन्सर. विकत घेताना बघून घ्या, तसाच दिसणारा बीएमपी२८० आर्द्रता मोजत नाही. सेन्सर पत्र्यापासून, भिंतीपासून आणि पायच्या स्वतःच्या गरमीपासून लांब, पांढऱ्या थाळ्यांच्या शील्डमध्ये ठेवायचा. दाबाचा ग्राफ मला फार आवडतो, सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी ४ च्या सुमारास खाली, दिवसातून दोनदा वातावरणाची भरती-ओहोटी घरबसल्या दिसते!

पावसाळ्यात लाइट जाणार, नेट जाणार हे धरूनच चाला. पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, लाइट येऊन नेट आलं नाही तर वेळ चुकते, म्हणून डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल लावलंय. रीडिंग आधी पायवरच्याच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये जातात आणि नेट आलं की एमक्यूटीटीने (छोटे मेसेज पाठवायची पद्धत) सर्व्हरवर.

हे सगळं कशासाठी तर सुपारीसाठी. पावसाळ्यात सुपारी कुजवणारा कोळेरोग अडवायला मोरचूद-चुन्याचं १ टक्का बोर्डो मिश्रण पावसाआधी मारतात आणि ४०-४५ दिवसांनी परत, ही दुसरी फवारणी नेमकी भर पावसात येते. उघडीप बघून मारायची आणि नंतर किती पडला त्यावर नजर ठेवायची. आता बाबा झाडावर चढणाऱ्या माणसाला बोलवायच्या आधी मला फोन करतात, मी ग्राफ व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि आभाळ बघून शेवटचं ते ठरवतात कारण पुढचा पाऊस हे यंत्र सांगत नाही. वाऱ्याचा सेन्सर चवथ (गणेश चतुर्थी) झाली की लावणार, फवारणीला वारापण बघावा लागतो.