तुम्ही विचारलंत म्हणून: दोन सळ्या आणि जमिनीतला धातू

जुनं घर विकत घेतलेला, भाटातली, म्हणजे माडांच्या बागेतली, पाण्याची लाइन कुठून गेली ते विसरलेला आणि गोव्यातल्या मिरामारच्या वाळूत लग्नाची अंगठी पडलेला, असे तिघेही शेवटी एकच प्रश्न विचारतात. काटकोनात वाकवलेल्या दोन पितळी सळ्या धरून चालणारा माणूस जमिनीतला धातू खरंच दाखवू शकतो का?

सळ्या हलतात, हे खरं आहे. डोळ्यांदेखत हलतात आणि त्यात हातचलाखी असायलाच हवी असंही नाही. पण त्यांना हलवणारं कारण धरणाऱ्याच्या मनगटात असतं. जमिनीतल्या धातूचा त्यात काही भाग नाही. हे माझ्या शब्दावर मानायची गरज नाही, दहा मिनिटांत घरीच पाहता येतं.

३ मिलिमीटर जाडीची आणि ६० सेंटिमीटर लांबीची पितळी सळई घ्या आणि एका टोकापासून १५ सेंटिमीटरवर काटकोनात वाकवा. आखूड बाजू बॉलपेनच्या रिकाम्या नळीत घालून नळी मुठीत धरा. आता सळई नळीत मोकळी फिरते, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की हाताचा तिच्याशी संबंधच उरला नाही. मूठ पुढच्या बाजूला अगदी किंचित, २ अंश कलवा. सळईचं टोक जरा खाली जातं आणि ती नाकासमोर स्थिर राहते. मग तीच मूठ आतल्या बाजूलाही २ अंश कलवा. सळई थेट ४५ अंशांनी आत वळते. आतला कल तसाच ठेवून पुढचा कल १ अंशावर आणलात, तर ती ६३ अंशांपर्यंत जाते. मुठीच्या रुंदीवर २ अंश म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरचा फरक. तो धरणाऱ्याला जाणवत नाही आणि समोरच्याला दिसत नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांत हेच रोज दिसतं. चौकट ओळंब्यातून जराशी सुटली की दार हात न लावता उघडतं किंवा मिटतं. सळई म्हणजे तसंच बिजागरीवरचं दार, आणि मूठ ही तिची चौकट.

आता मूठ कलते कशामुळे? माणसाला एखाद्या जागी काहीतरी होईल असं मनापासून वाटलं की स्नायू नकळत तसे हलतात. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ साली या हालचालीला नाव दिलं. त्याही आधी शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दोऱ्याला टांगलेल्या वजनाचा प्रयोग केला होता आणि १८३३ साली तो प्रसिद्धही केला. पाऱ्यावर धरलं की वजन झुलायचं, मध्ये काच सरकवली की थांबायचं. पारा धातूच, त्यामुळे पुरावा पक्का वाटेल असाच होता. मग त्याने डोळे बांधून घेतले आणि काच कधी घातली, कधी काढली हे स्वतःला कळू दिलं नाही. तेव्हा काच असण्या-नसण्याने काहीच फरक पडेना. या विषयात यापेक्षा प्रामाणिक प्रयोग मला माहीत नाही, कारण तो माणूस स्वतःच्याच हाताची परीक्षा घेत होता.

‘सोनं सळईला ओढतं’ हा समज तर सोडूनच द्या. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांना लोहचुंबकही ओढत नाही, मग ते पितळी सळईला कशाला ओढतील? काही जण मुठीत सोन्याचा मणी धरतात, म्हणजे सळई फक्त सोनंच शोधील असं सांगतात. ही कल्पना फार जुनी आहे. आग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या १५५६ सालच्या खाणशास्त्राच्या ग्रंथात नोंद आहे, की त्या काळचे खाणवाले चांदीसाठी हेझलची फांदी, तांब्यासाठी अ‍ॅशची आणि सोन्यासाठी लोखंडी-पोलादी दांडा वापरत. त्यानेच पुढे बजावलं, की शहाण्या खाणवाल्याने फांदीच्या नादी न लागता जमिनीवरच्या खुणा वाचाव्यात.

जाहीर चाचण्याही झाल्या आहेत. १९९० साली जर्मनीत कासेल इथे ३० जणांना बोलावलं होतं. सपाट मैदानात ५० सेंटिमीटर खोल प्लॅस्टिकचा पाइप पुरलेला आणि त्याची जागा वर रंगीत पट्टीने दाखवलेली. त्यातून पाणी वाहतंय की बंद आहे, एवढंच सांगायचं होतं. चाचणी योग्य आहे आणि आपण पूर्ण यश मिळवू, असं सगळ्यांनी आधी लिहून दिलं होतं. निकाल नाणं उडवून मिळावा तसाच निघाला. चाचणी पाण्याची असली तरी सळई तीच आणि मनगटही तेच.

तरीही गावात कुणी नावाजलेला असेल आणि त्याच्यावर पैसे घालायचे असतील, तर आधी अंगणात परीक्षा घ्या. त्याचा अपमान न करता घेता येते. झाकणाच्या, आतलं न दिसणाऱ्या सारख्या दहा बादल्या दोन-दोन मीटर अंतरावर मांडा. पहिल्यांदा बादल्या न ठेवता मोकळ्या जागेवरून त्याला सळ्या घेऊन चालायला सांगा. जिथे सळ्या वळतील ती जागा सोडून रांग आखा, म्हणजे ‘खाली दुसरंच काही होतं’ हे नंतर निघत नाही. मग दोन किलोची पितळी समई एका बादलीत सर्वांसमोर ठेवा आणि सळ्या वळतात का ते त्यालाच विचारा. ‘हो, आज चालतंय’ असं त्याने म्हटलं की खरी परीक्षा.

समई लपवणाऱ्याने जागा मनाने ठरवायची नाही. एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या पेल्यात घालून दर वेळी एक उचलायची आणि परत टाकायची. दर फेरीला दहाही बादल्या उचलून पुन्हा ठेवायच्या, नाहीतर मातीवरचा ताजा ठसा आणि पावलांच्या खुणाच उत्तर सांगतात. लपवणारा दुसऱ्या दाराने निघून जायला हवा. सळईवाल्याबरोबर उभा राहून आकडा लिहिणारा वेगळा हवा आणि त्याला समई कुठे आहे ते माहीत नसावं. बहुतेक घरगुती परीक्षा इथेच फसतात. माहीत असलेला माणूस योग्य बादलीपाशी नकळत श्वास रोखतो, पाऊल थांबवतो, आणि सळईवाल्याला तेवढं पुरतं.

अशा दहा फेऱ्या करा. निव्वळ नशिबाने सरासरी एक बरोबर येते. दोन किंवा जास्त बरोबर येणं हेही दर चार परीक्षांमागे एकदा घडतं, म्हणून दोनाने हुरळून जाऊ नका. पाच किंवा जास्त नशिबाने यायची शक्यता मात्र सुमारे ६०० मध्ये एक. पाच आले तर मीही थांबून बघेन.

‘पण त्याने दाखवलं तिथे खणलं आणि लोखंड निघालं,’ असं हमखास सांगितलं जातं. निघणारच. शंभर वर्षं माणसं राहिलेल्या घराच्या राजांगणात किंवा परसात कुठेही दोन फूट खणा: खिळे, बिजागऱ्या, तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचं, नशीब असेल तर पोर्तुगीज काळातलं एखादं तांग्याचं नाणंही. न दाखवलेल्या जागी कुणी खणत नाही, म्हणून तिथलं लोखंड मोजलं जात नाही. पाइपचंही तसंच. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतची रेघ, कुठेतरी हिरवं राहिलेलं गवत, सिमेंटचा जुना ठिगळ, नळाची तोंडं, हे सगळं सरावलेला डोळा आधीच वाचतो आणि सळ्या त्याच्यामागून वळतात. अशा माणसाचा अनुभव मोलाचा असतो, पण त्याचं श्रेय पितळेला देऊ नका. पाणाड्यांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. जांभ्यात पावसाचं पाणी इतकं मुरतं की विहिरीला पाणी लागणं ही नवलाची गोष्ट नाही. ते मे महिन्यापर्यंत टिकेल का, हे विचारायला हवं.

मग करायचं काय? जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप शोधायचा असेल तर पाइप लोकेटर भाड्याने आणा. त्याच्या ट्रान्समीटरची एक तार नळाच्या धातूला आणि दुसरी, पाइपच्या रेषेपासून काटकोनात काही मीटर दूर, जमिनीत ठोकलेल्या सळईला लावायची. रिसीव्हर घेऊन चालायचं आणि आवाज सर्वांत जास्त तिथे चुना टाकत जायचं. आवाज मध्येच तुटला तर बहुधा तिथे कुणीतरी पीव्हीसीचा तुकडा जोडलेला असतो. पीव्हीसीत धातू नाही, त्यामुळे तो कुठल्याच धातुशोधकाला सापडत नाही. त्यात एका टोकाने धातूची फिश वायर सरकवून तिच्यावर सिग्नल सोडावा लागतो. नवी लाइन टाकताना पाइपला लागून तांब्याची तार टाका आणि भिंतीच्या कोपऱ्यापासून टेप धरून फोटो काढून ठेवा. विजेच्या केबलच्या बाबतीत तर सळ्यांच्या भरवशावर पहार मारायचीच नाही. तिथे चूक जिवावर बेतते.

अंगठी किंवा नाणं यासाठी मेटल डिटेक्टर, पण गोव्याची जमीन त्यालाही छळते. आपल्या तांबड्या मातीत आणि चिऱ्यातच लोहाची संयुगं भरलेली. डिचोली, सांगे, केपे या खाणपट्ट्यात तर विचारूच नका. यंत्र सुरू करताच सगळीकडे वाजतं आणि नवखा माणूस खजिना सापडला म्हणून खणायला घेतो. धातू नसलेली जागा निवडा, यंत्राची खालची गोल कॉइल जमिनीपासून ३० सेंटिमीटर वरून ३ सेंटिमीटरपर्यंत खाली-वर करत ‘ग्राउंड बॅलन्स’ जुळवा. आवाज वर-खाली होताना सारखा राहिला की जमीन बाजूला पडली. हे पाच-दहा पावलांवर पुन्हा करावं लागतं, कारण चिऱ्याचा कस बदलतो. ओल्या खाऱ्या वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र खोटं वाजतं. तिथे अनेक फ्रिक्वेन्सींचं किंवा पल्स इंडक्शनचं यंत्र हवं.

अंगठी पडली असेल तर पहिली गोष्ट म्हणजे वाळू उपसू नका. उपसली की अंगठी अधिक खोल जाते. चार काठ्या रोवून सुतळीने चौकोन आखा, मीटरभर रुंदीचे पट्टे करा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून, दर फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवत सावकाश फिरवा. नको ते धातू गाळणारं ‘डिस्क्रिमिनेशन’चं बटण बंद ठेवा. बारीक सोन्याची अंगठी आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद यंत्राला जवळजवळ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे कचरा गाळायला गेलात की अंगठीही गाळली जाते. एकट्या अंगठीसाठी १५-२० सेंटिमीटर खोली ही चांगली पकड. पुरलेला मोठा हंडा साध्या यंत्राला फार तर मीटरभरापर्यंत लागेल.

म्हणूनच ‘अर्धा किलोमीटरवरून सोनं दाखवतो’ म्हणणारी फिरत्या अँटेनाची यंत्रं घेऊ नका, कितीही दिवे लागोत. ती बिजागरीवरची सळईच असते, फक्त डबा महाग. याच जातीचं एडीई ६५१ नावाचं यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं. तिथल्या नाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडल्या जात. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. आतमध्ये काम करणारं काहीच नव्हतं. हे आठवलं की सळ्यांच्या गोष्टीकडे गंमत म्हणून बघणं मला जमत नाही.

राहिला घरात पुरलेल्या धनाचा हंडा. गावच्या देवचाराला, म्हणजे राखणदाराला, नारळ द्यायचा तर श्रद्धेने द्या, पण ‘राखण उतरवून धन काढून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. संरक्षित वास्तूच्या आवारात यंत्र घेऊन जाऊ नका. आणि स्वतःच्या जमिनीत खरोखर काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीच्या ऐवजाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. लपवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. खणतानाच खोली मोजून घ्या, वस्तू न घासता, न धुता फोटो काढा आणि तो अर्जाला जोडा.